एकत्र उपासना, एकत्र काम : पुण्यातल्या मंडळ्या जवळ आणू पाहणाऱ्यांसाठी

"सगळ्या चर्चनी मिळून काहीतरी केलं पाहिजे" हे वाक्य पुण्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत वर्षातून एकदा तरी ऐकू येतं. बहुधा नाताळात, आणि बहुधा जेवणं झाल्यावर. ते मनावर घेऊन खरंच कामाला लागणारे थोडे. तुम्ही त्या थोड्यांपैकी असाल, म्हणजे तरुण संघात असाल, पास्टोरेट कमिटीवर (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर) नुकतेच निवडून आला असाल किंवा पाळक म्हणून या शहरात पहिलीच नेमणूक असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. उदाहरणं पुण्याची घेतली आहेत. मुंबई, नागपूर, नगर, कोल्हापूरला थोडा फेरफार करून हेच चालेल.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. चर्च एकत्र येत नाहीत ती शिकवणीतल्या फरकांमुळे, असा आपला समज असतो. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, मरियेचा मान किती, यावर वाद होतात हे खरंच. पण एकत्र कार्यक्रम मोडले ते यावरून, असं क्वचित होतं. ते मोडतात आमंत्रण कुणाच्या सहीनं गेलं, पुढच्या खुर्च्यांवर कोण बसलं, अर्पणाची थैली कुठे गेली आणि मांडववाल्याचं बिल कुणाच्या गळ्यात पडलं, यावरून. म्हणून पुढे ईश्वरज्ञान कमी आणि व्यवहार जास्त आहे.

आधी शहर समजून घ्या

पहिलं काम वही घेऊन बसण्याचं. आपल्या भागात कोणकोणत्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, आहेत, उपासना किती वाजता, कोणत्या भाषेत, प्रमुख कोण, सेक्रेटरी कोण, आणि हॉलची किल्ली कुणाकडे असते, हे सगळं लिहून काढा. शेवटचा रकाना हसण्यावारी नेऊ नका. किल्ली सांभाळणारा माणूस तुमच्या बाजूचा नसेल तर बिशपसाहेबांचं पत्र असूनही तुम्ही पायरीवर उभे राहाल.

ही यादी करताना लक्षात येईल की इतक्या जवळजवळ इतकी वेगवेगळी चर्च का, याचं उत्तर बायबलपेक्षा भूगोलात जास्त सापडतं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ पासून नगरला रुजलं. पुणे आणि जालन्याकडे स्कॉटिश मिशन होतं. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बुलढाण्याकडे नाझरीन, खानदेश-वऱ्हाडात अलायन्स. मिशनांनी एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही असा साधारण संकेत होता. तो सगळीकडे पाळला गेला नाही, नगर जिल्ह्यात तर अँग्लिकन आणि अमेरिकन मिशनमध्ये चांगलीच चुरस झाली. पण एकंदरीत आजोबांचा तालुका कोणता यावर नातवाचा पंथ ठरला. मग रेल्वे, खडकीचा दारूगोळा कारखाना, दवाखाने, शाळा यांच्या नोकऱ्यांनी ही सगळी घरं पुण्यात आणली, आणि प्रत्येकानं गावाकडची मंडळी इथे शोधली. दोन मराठी प्रॉटेस्टंट घरांतला फरक पुष्कळदा ल्यूथर आणि कॅल्विनचा नसतो, नगर आणि मिरजेचा असतो. हे कळलं की निम्मी भीती जाते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट वाटाघाटींत शेवटपर्यंत होते आणि अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले. म्हणून आजही कॅम्पात १८२५ चं सेंट मेरीज सीएनआयकडे आहे आणि ओल्डहॅम मेथडिस्ट चर्च वेगळं. नव्या माणसानं दोन्हीकडे जाताना हा इतिहास डोक्यात ठेवावा, आणि तोंडातून मात्र काढू नये.

कॅथलिकांची मुळं याहून जुनी. नाना पेठेतलं सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे, पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी. पंचहौदाचं पवित्र नाम देवालय, कसब्यातलं ब्रदर देशपांडे मेमोरियल, खडकीची चर्च ही सगळी पेठांच्या आणि छावण्यांच्या इतिहासात मिसळलेली. याशिवाय एक थर असा, जो कुठल्याच डिरेक्टरीत नसतो: भाड्याच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गाळ्यात, एखाद्याच्या दिवाणखान्यात भरणाऱ्या स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या, तमिळ, तेलुगू, मल्याळी मंडळ्या, आणि नागा, मिझो, मणिपुरी विद्यार्थ्यांच्या फेलोशिप. वहीत यांना जागा ठेवा. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं तेव्हा आपल्याच शहरातल्या या पोरांना भेटायचं कुठे, हे पुष्कळ जुन्या मंडळ्यांना माहीत नव्हतं.

पंथांच्या नकाशाखाली आणखी एक नकाशा आहे आणि तो कुणी काढून दाखवत नाही. मराठी प्रॉटेस्टंटांतली बहुसंख्य कुटुंबं महार आणि मांग समाजांतून आलेली. गोव्याकडच्या कॅथलिकांत जातीची उतरंड वेगळी, वसईकरांची ओळख वेगळी. रविवारी सगळे भाऊबहीण, आणि सोयरिकीची वेळ आली की हळूच चौकशी. तुम्ही एकत्र आणायला निघालात की हे कधीतरी वर येणारच. पहिल्याच बैठकीत ते काढू नका, पण ते नाहीच असं धरूनही चालू नका.

कुणाला आधी भेटायचं

नवखा माणूस उत्साहानं थेट बिशपांकडे जातो. बिशप आशीर्वाद देतात, फोटो होतो आणि सहा महिन्यांनी त्या फोटोखेरीज हातात काही नसतं. मी उलट क्रम सुचवेन.

आधी बायकांना भेटा. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभर महिलांचा जागतिक प्रार्थना दिन होतो. या दिवशी वेगवेगळ्या मंडळ्यांच्या बायका गाजावाजा न करता एकत्र बसतात. कुणाचं चर्च, कुणाचा चहा, कोण वाचणार, कोण गाणार, हे त्या दर वर्षी ठरवतात. तुम्हाला जी फोनची यादी हवी आहे ती महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंच्या पर्समध्ये तयार असते. त्यांना विचारल्याशिवाय नवी कमिटी काढलीत तर त्या काही बोलणार नाहीत, फक्त येणार नाहीत.

मग एकेका पाळकाला स्वतंत्र भेटा. बैठक बोलावून सगळ्यांना एकदम नको. प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि ती दुसऱ्यासमोर कुणी सांगत नाही.

कॅथलिक फादरना भेटाल तेव्हा त्यांना मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनासहची त्यांची मुख्य उपासना, मागू नका. 'वचनाची उपासना' म्हणा: शास्त्रपाठ, गीतं, प्रार्थना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २१ नोव्हेंबर १९६४ च्या ऐक्याविषयीच्या आदेशात इतर ख्रिस्ती लोकांबरोबर प्रार्थना करण्याला नुसती परवानगी दिलेली नाही, ती इष्ट म्हटली आहे. फादरना हे माहीत असतंच, पण पॅरिश कौन्सिलमधल्या एखाद्या शंकेखोर काकांसाठी तारीख जवळ असलेली बरी. सीएनआयच्या पाळकसाहेबांना सांगा की बिशपसाहेबांना कळवायचं पत्र मी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा. मेथडिस्ट पाळकांना जिल्हा सुपरिंटेंडेंटना विचारावं लागेल, त्याला दोन आठवडे द्या. मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) अधिकाऱ्यांच्या बदल्या सारख्या होतात, तेव्हा मेजरसाहेबांशी बोलणं झालं तरी तिथल्या एका स्थानिक कुटुंबाशीही ओळख ठेवा.

पेंटेकॉस्टल पास्टरांची गोष्ट निराळी. त्यांना बोलावतात, शेवटून दुसऱ्या ओळीत बसवतात, आणि मग 'ते लोक मिसळत नाहीत' म्हणतात. त्यांना खरं काम द्या. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना त्यांच्याकडे सोपवा, आणि ती मोठ्या आवाजात झाली तर कपाळाला आठ्या घालू नका. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी यावी असं वाटत असेल तर त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, कुठलीही कामाची बैठक ठेवू नका. आणि ज्याला यायचंच नाही त्याला दोनदा विचारून सोडून द्या. कुणाच्या न येण्याची चर्चा व्यासपीठावरून करायची नाही.

चार-पाच मंडळ्या पहिल्या वर्षाला पुष्कळ झाल्या. बारा जणांना बोलावून चार आले तर ते अपयश वाटतं. चौघांनाच बोलावून चौघे आले तर कमिटी तयार होते.

पुण्यात आणखी एक सोय आहे जी दुसऱ्या शहरांना नाही. नगर रस्त्यावर कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ, बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी, आणि मराठीतून शिकवणारी युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र. वाचन, गायन, खुर्च्या लावणं या सगळ्याला तिथले विद्यार्थी आनंदानं येतात. पण त्यांच्या परीक्षांचं वेळापत्रक आधी विचारा.

पहिली एकत्र उपासना

तारीख शोधत बसू नका. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठीचा प्रार्थना सप्ताह आहे. १९०८ मध्ये तो सुरू झाला, आणि १९६८ पासून त्याचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. त्यामुळे 'हा कुणाचा कार्यक्रम' हा प्रश्नच उरत नाही. दर वर्षी एखाद्या देशातल्या मंडळ्यांकडे त्याचा पहिला मसुदा जातो. २०१३ ची पाळी भारताची होती. भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटनं, कॅथलिक विद्यार्थी संघटना आणि नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस (प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची राष्ट्रीय परिषद) यांच्याशी सल्लामसलत करून, मीखा ६:८ हे वचन घेतलं आणि परमेश्वर आपल्याकडून काय मागतो हा प्रश्न सरळ दलितांवरच्या अन्यायापाशी आणून ठेवला. पहिल्या उपासनेसाठी याहून चांगला मसुदा मला माहीत नाही. तो इथल्या मातीतला आहे आणि न्याय व प्रार्थना या दोन गोष्टी त्यात वेगळ्या काढलेल्याच नाहीत.

जागा निवडताना मोठ्या कॅथेड्रलच्या मागे लागू नका. मोठ्या देवळात यजमान मोठा होतो आणि बाकीचे पाहुणे. मधल्या आकाराचं, बसस्टॉपजवळचं चर्च घ्या. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून लावा: ज्यांचं चर्च त्यांचा उपदेश नाही. यजमानांनी स्वागत करावं, चहा द्यावा आणि दार उघडावं. वचन दुसऱ्यानं सांगावं.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, नको. कॅथलिक शिस्तीत ते इतरांबरोबर घेता येत नाही, मुक्तिफौज हा विधी पाळतच नाही, आणि काही मंडळ्यांत फक्त मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच मेजावर बसता येतं. एखादा तळमळीचा तरुण म्हणेल, एका भाकरीतून खाता येत नसेल तर ऐक्य कसलं? त्याचं दुःख खरं आहे. पण जो प्रश्न रोम आणि जिनिव्हा (जागतिक चर्च परिषदेचं ठाणं) यांना इतकी वर्षं सुटला नाही तो जानेवारीतल्या एका संध्याकाळी सोडवायला जाऊ नये. पत्रिकेवर 'वचन आणि प्रार्थनेची उपासना' असं स्पष्ट छापा, म्हणजे कुणी अपेक्षा घेऊन येणार नाही आणि कुणी भीतीही.

सगळे शब्द कागदावर द्या. प्रभूची प्रार्थनासुद्धा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मराठी पाठ जुळत नाहीत, आणि शेवटचं 'राज्य, सामर्थ्य व गौरव' हे प्रॉटेस्टंट लगेच म्हणतात तर कॅथलिक थांबतात. शंभर माणसं एकाच वेळी अडखळली की ते कुणी विसरत नाही. कोणता तरी एक पाठ घ्या, छापा, आणि आधी सांगा.

गाण्यांपाशी मात्र रेंगाळा, कारण मराठी ख्रिस्ती माणूस सर्वांत आधी गाण्यात एक होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं 'उपासना संगीता'तून पंथापंथांत पोचली आहेत. नगरचा काँग्रिगेशनल आणि पंचहौदाचा अँग्लिकन ती सारख्याच चालीत म्हणतो. कॅथलिक तरुणांकडे ते पुस्तक नसेल, म्हणून शब्द छापा. चाल मुखडा ऐकून जमते. तबला, पेटी आणि टाळ पुरेत. ड्रमसेट आणि कीबोर्डवाल्या गटाला एक गाणं द्या, सगळी नको. आणि शक्य असेल तर एखादं ख्रिस्ती कीर्तन ठेवा. मिस्सा कॅथलिकांची, छापील प्रार्थनापुस्तक अँग्लिकनांचं, लांब उपदेश प्रेस्बिटेरियनांचा, पण कीर्तन कुठल्याच मिशनरीनं बोटीतून आणलेलं नाही. त्यामुळे ते सगळ्यांचं. टिळकांनीच १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांचा, बाप्तिस्मा झालेल्यांचा आणि न झालेल्यांचाही, एक बंधुसमाज अशी ती कल्पना होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार विरला. संस्था टिकली नाही, पदं टिकली, हे आयोजकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वेळ सव्वा तास. उपदेश एक आणि बारा मिनिटांचा. पुढे खुर्च्या मांडायच्या नाहीत, सगळे पाळक बाकांवर लोकांत बसतील आणि आपली पाळी आली की उठून येतील. शाल-श्रीफळ नाही, नगरसेवकांचं मनोगत नाही. सत्कार सुरू झाले की उपासना संपली असं समजा. नगरसेवक आले तर त्यांचं प्रेमानं स्वागत करा आणि त्यांनाही बाकावरच जागा द्या.

अर्पण पहिल्या वेळी घेतलंच नाही तर उत्तम. घ्यायचं झालं तर सगळी रक्कम कुठल्या कामाला जाणार हे आधी जाहीर करा, दोन वेगळ्या मंडळ्यांच्या दोघांनी तिथल्या तिथे मोजावी, आणि पुढच्या रविवारी प्रत्येक चर्चमध्ये आकडा वाचून दाखवावा.

काम कोणतं घ्यायचं

उपासना झाली, सगळे खूश झाले, आता पुढच्या जानेवारीत भेटू. असं झालं तर तो वार्षिक सोहळा होतो. म्हणून चहाच्या वेळीच एका कामाची बैठक जाहीर करा. एकाच कामाची. 'दारिद्र्य निर्मूलन' नव्हे, ब्लँकेटवाटपही नव्हे. ब्लँकेट वाटणं चांगलंच, पण ते प्रत्येक चर्च स्वतःचं करतंच आहे, त्यासाठी एकत्र यायची गरज नाही. एकट्या मंडळीला झेपत नाही आणि ज्यात कुणाचा तरी हक्क अडलेला आहे, असं काम शोधा.

दफनभूमीची जागा हा सगळ्यांना पटकन पटणारा विषय आहे, कारण मोठ्या शहरांत जागेची टंचाई खरी आहे आणि महापालिकेकडे एकट्यानं गेलं तर कुणी ऐकत नाही. घ्या जरूर. पण तो आपल्याच लोकांसाठीचा प्रश्न आहे, एवढं भान ठेवा.

मी सुचवेन ते घरकामगार बायकांचं काम. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. पुष्कळ जणींची नोंदणी झालेली नसते किंवा नूतनीकरण राहिलेलं असतं. यांतल्या कितीतरी बायका आपल्याच मराठी आणि तेलुगू मंडळ्यांत रविवारी येतात. आणि अवघड भाग असा की त्यांच्या मॅडमही येतात, कधी त्याच चर्चमध्ये, कधी पलीकडच्या इंग्रजी उपासनेला. न्यायाविषयीचा उपदेश ऐकताना दोघी माना डोलावतात. आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगार न कापणं, दिवाळी-नाताळचा बोनस, यांवर बोलायला लागलं की बाकांवर चुळबुळ सुरू होते. हीच खरी जागा आहे. सरकारविरुद्ध फलक धरणं सोपं असतं.

हे काम असं करता येईल. आधी महिला मंडळाच्या बायकांनी ऐकून घ्यायचं, नुसतं ऐकायचं, कागद-पेन बाजूला ठेवून. मॅडम त्या खोलीत नकोत. मग पुण्यात या क्षेत्रात आधीपासून असलेल्यांकडे जा. मोलकरणींची संघटना इथे १९८० च्या संपातून उभी राहिली. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. आपण नवी संघटना काढायला निघालेलो नाही. त्यांना विचारा, तुम्हाला आमच्याकडून काय हवं? उत्तर बहुतेक साधं असतं: रविवारी दुपारी हॉल, अर्ज भरायला लिहिता-वाचता येणारी दहा माणसं, आधारची झेरॉक्स काढायची सोय. चर्चकडे या तिन्ही गोष्टी असतात. कोणते कागद लागतात ते शिबिराच्या आठवड्यातच कामगार कार्यालयातून विचारून घ्या, मागच्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका.

पगार बुडवला, चोरीचा आळ घेतला, असं प्रकरण आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. चर्चमध्ये वकील असतात, त्यांची पहिली मदत म्हणजे त्या कार्यालयापर्यंत बरोबर जाणं.

शिबिरात पत्रकं वाटायची नाहीत, प्रार्थनेची सक्ती नाही, येणाऱ्या बाईचा धर्म विचारायचा नाही. हे लेखी ठरावात घाला आणि दारावर लावा. आजच्या वातावरणात एखादं पत्रकही पोलीस ठाण्याची फेरी घडवू शकतं. पण ते कारण दुय्यम. हक्क मिळवून देताना बदल्यात काही मागणं हेच मुळात चूक आहे.

आपली सीमा ओलांडून काम कसं होतं याचा नमुना वसईत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या मार्फत जमीन आणि पाण्यासाठी लढा दिला. तो वसईचा लढा झाला, कॅथलिकांचा राहिला नाही, कारण विहिरी सगळ्यांच्याच आटत होत्या.

दलित ख्रिस्ती लोकांचा प्रश्न पहिल्या वर्षी घ्यावा का? माझं मत, वाचनाला पहिल्या वर्षी, रस्त्यावर दुसऱ्या वर्षी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. म्हणून १० ऑगस्ट काळा दिवस पाळतात, आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार दलित मुक्ती रविवार म्हणून. हा रविवार कॅथलिक बिशपांची परिषद आणि नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस दोघांनी मिळून ठरवला आहे, त्यामुळे 'वरून परवानगी हवी' हे उत्तर इथे चालत नाही. घाई नको म्हणतो ती यासाठी की सरकारनं धर्म पाहू नये अशी मागणी करणाऱ्या मंडळीत सोयरिकीला जात पाहिली जाते, हे कुणीतरी विचारणारच. विचारणारा बहुधा पंचविशीचा असेल. त्याला गप्प न करण्याइतका विश्वास आधी तयार व्हायला हवा.

परवानग्या आणि पैसे

मिरवणूक किंवा मूक मोर्चा असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात मार्गासह लेखी अर्ज, पोच घेऊन, किमान दोन आठवडे आधी. ईस्टरच्या पहाटेची एकत्र प्रभातफेरी फार सुंदर होते, पण रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालत नाही. सहापर्यंत टाळ आणि आवाज. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल तर दिवसाही नाही. आपल्या देवळांना शाळा-दवाखाने चिकटूनच असतात, तेव्हा हे पाहून घ्या.

ट्रस्ट नोंदवण्याची घाई करू नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी म्हणजे धर्मादाय कार्यालय, बदल अर्ज, लेखापरीक्षण, आणि मुख्य म्हणजे अध्यक्षपद. पद निर्माण झालं की उमेदवार निर्माण होतात. पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक मंडळीनं आपला वाटा थेट खर्चावा: एकानं छपाई, एकानं चहा, एकानं ध्वनिक्षेपक. हिशेबाचा एक कागद सगळ्या सूचनाफलकांवर. परदेशी निधी असलेल्या संस्थेकडून वर्गणी घेऊ नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

भांडणं होतील तेव्हा

मिळकतींना हात लावायचा नाही. सीएनआयमध्ये आलेल्या ब्रदरन मंडळीच्या गुजरातमधल्या मिळकतींचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकत्र येऊ म्हणताच जुन्या माणसाच्या मनात पहिली शंका जमिनीची येते ती उगाच नाही. 'कोणत्याही मंडळीची मिळकत, सभासदत्व, निवडणूक यांत ही समिती पडणार नाही' हे एक वाक्य पहिल्या ठरावात असू द्या. एखाद्या चर्चमध्ये दोन गट कोर्टात असतील तर आमंत्रण उपासनेतून सगळ्यांना वाचून दाखवा, कुठल्याच गटाच्या लेटरहेडला उत्तर देऊ नका.

दुसरं भांडण मेंढरं पळवण्याचं. एकत्र कार्यक्रमात भेटलेल्या कुटुंबाला दुसऱ्याच आठवड्यात 'आमच्याकडे या' असा फोन गेला की ती पाळकमंडळी पुन्हा एका खोलीत बसत नाही. समितीची फोनयादी फक्त समितीच्या कामासाठी, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटात फक्त तारीख, वेळ, जागा. सुप्रभातचे फोटो, साक्षी आणि राजकारण तिथे नको. अ‍ॅडमिन तीन असावेत, तीन वेगळ्या मंडळ्यांचे.

निमंत्रक दर वर्षी बदला, आणि आलटून पालटून लहान मंडळीचाही घ्या. मोठ्या चर्चच्या लोकांना हे सुरुवातीला खटकतं. तुम्ही स्वतः सुरुवात केली असेल तर दुसऱ्या वर्षी निमंत्रक होऊ नका, खुर्च्या लावणाऱ्यांत राहा. ती पहिली वही, किल्लीच्या रकान्यासह, नव्या निमंत्रकाला द्या आणि तिची एक झेरॉक्स महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंकडे ठेवा. आढाव्याची बैठक फेब्रुवारी संपायच्या आत घ्या. मार्चमध्ये बायकांचा प्रार्थना दिन, मग पवित्र आठवडा, मग शाळांच्या सुट्ट्या, आणि नंतर जूनपर्यंत कुणी सापडत नाही.